दोन बोटं सरकलेली घडी

"थांबा. घडी माझीच हाय का, ते आधी बघू द्या."

ट्रंकेचं झाकण उघडलं की मावशीचं हे पहिलं वाक्य. मान तिरकी करून ती आत बघायची, हुंगायची, आणि मग घरातल्या एकेकीच्या तोंडाकडं असं बघायची की न केलेली चोरीसुद्धा कबूल करावीशी वाटावी. पोलिसात असती तर फौजदार झाली असती बाई!

एका विणकराची बायको, नवरा लवकर गेलेला. लातुरात आमच्या गल्लीतल्या चार-पाच घरांत ती वर्षातून दोनदा, फाल्गुनात आणि आश्विनात, हातमागाच्या साड्यांच्या घड्या बदलायला यायची. तुमच्या घरी रेशमी लुगडं असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, एकाच घडीत पडून राहिलं की ते घडीच्या रेघेवर चिरतं. म्हणून जुनी घडी मोडायची, साडीला सावलीत वारं लागू द्यायचं, जरीचा काठ आत घेऊन नव्या रेघेवर घडी घालायची आणि धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायची. हे सगळं मावशीनं करायचं. आम्ही हात धुऊन, अंगठ्या काढून, गुमान बसायचं.

"डांबरगोळी कुणी टाकली? काठाची जर काळी पडती त्यानं. लिंबाचा पाला कुठं गेला?"

"नाही हो टाकली, मावशी."

"मंग वास काय माझ्या पदराला यायलाय?"

घडी घालताना ती हाताकडं कधीच बघत नसे. डोळे आमच्यावर. "हाताला ठावं असतंय," म्हणायची. "डोळे ठेवायचे माणसावर."

मी त्या घरात नवी सून. सासूबाईंची लग्नातली नारायणपेठ, जांभळी, रुंद जरीकाठाची, ही घरातली एकुलती एक रेशमी साडी. मोठ्या दुष्काळाचं साल होतं. गल्लीतली निम्मी माणसं खडी फोडायला जात होती, मावशीसुद्धा. त्या फाल्गुनात ती आली तेव्हा तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. तरी घडी घालून गेली.

आश्विनात परत आली. चिंधी गेली होती. झाकण उघडलं आणि तिनं काठावर दोन बोटं ठेवून पाहिली.

"ही घडी माझी न्हाई."

"म्हणजे गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काठ बघा, दोन बोटं बाहेर सरकलाय. माझा काठ कधी असा जात न्हाई. कुणीतरी साडी काढली व्हती. नेसली, न्हाई तर कुठं गहाण दिऊन आणली."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. घरात बायका दोनच. दुष्काळात माझ्या माहेरचे हाल चालले होते, हेही त्यांना माहीत होतं. झाला निकाल! मी शपथा घेतल्या, रडले, दोन दिवस जेवले नाही.  सासूबाईंनी ट्रंकेची किल्ली कनवटीला लावली ती लावलीच. मी स्वयंपाकघरात एकटी असले की त्या पाणी प्यायच्या निमित्तानं डोकावून जात. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

गल्लीतल्या आणखी एका घरात मावशीनं हेच सांगितलं. तिथल्या सुनेला सरळ माहेरी धाडलं, शिरूर अनंतपाळला. "दुष्काळानं पोरींच्या हाताला खोड लागली," मावशी म्हणाली.

खरं सांगते, मलाही मग सगळ्यांचा संशय येऊ लागला. सासूचा, शेजारणीचा, एकदा तर नवऱ्याचाही. सगळ्यांत जास्त मावशीचा. हिनंच साडी नेली असेल, मिरवली असेल, आणि आळ माझ्यावर! ती आली की मी तिच्यावर नजर ठेवून बसे, ती माझ्यावर, आणि सासूबाई दोघींवर.

अशी दहा वर्षं गेली.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी कचेरी, नवी पदं. दुष्काळात नांदेडला बदली होऊन गेलेलं गल्लीतलं एक कुटुंब परत आलं. मावशीनं त्या फाल्गुनात घडी घातली, त्याच आठवड्यात ते ट्रंक इथल्या घरातच ठेवून, तिला कुलूप लावून, किल्ली घेऊन गेले होते. ती ट्रंक आता मावशीनंच उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोलावणं नसताना आमच्या दारात उभी.

"काकू," ती सासूबाईंना म्हणाली, "तिथली साडी रेघेरेघेवर चिरली. पर घडी तशीच निघाली, दोन बोटं सरकलेली. कुलूप त्यांचं, किल्ली नांदेडला. मंग हात कुणाचा?" आणि आपणच म्हणाली, "माझाच. खडी फोडताना अंगठा ठेचला व्हता. चिमूट बसत नव्हती. मी हाताकडं बघितलंच न्हाई."

तुम्हाला वाटेल, सासूबाईंनी मला जवळ घेतलं असेल. छे! त्यांनी डोळे बारीक केले. "हिनं पढवलं का गं तुला?"

मावशीनं पदराची चिंधी फाडली, अंगठ्याला करकचून बांधली. "साडी काढा."

तिनं आमच्यासमोर घडी घातली. स्वतःच्या हाताकडं बघताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काठ दोन बोटं बाहेर सरकला.

सासूबाईंनी तो बोटांनी दोनदा मोजून बघितला. मग किल्ली कनवटीची काढून माझ्यापुढं सरकवली. "चहा टाक," म्हणाल्या. "हिला साखर जास्त घाल."

मला रडू आलं आणि संतापही. दहा वर्षं माझी गेली आणि साखर हिला!

मावशी चहाला थांबली नाही. "शिरूरची गाडी किती वाजता हाय?" एवढंच विचारलं, आणि दारातून वळून मला हात जोडले. मी काही ते हात धरले नाहीत. उंबऱ्यात तशीच उभी राहिले. आज वाटतं, धरायला हवे होते.

पुढच्या फाल्गुनात ती आली नाही. आश्विनातही नाही. शिरूरला पोचली का, ती पोरगी तिला भेटली का, आमच्या गल्लीत कुणालाच कळलं नाही.

शेवटी ट्रंक मीच उघडली. दोन बोटं सरकलेली घडी तशीच होती.

"राहू दे तशीच," सासूबाई म्हणाल्या. "कुणी काही बोललं तर दाखवायला बरी."

खरंच होतं ते. माझ्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच साक्ष. पण रेशीम चिरलं असतं. मी हात धुतले, अंगठी काढली, घडी मोडली, आणि नवी घालताना हाताकडंच बघत राहिले.