शेजारच्या खाटेची हजेरी

प्रिय निहार, अनघा,

गोंदियातलं युद्धस्मृती दालन सोमवारी उघडतंय. त्यातल्या फील्ड हॉस्पिटलच्या खोलीचा मजकूर मी लिहिला आहे. तुम्हाला इतक्या लांबून येता येणार नाही, म्हणून आधी इथे सांगते.

लढाईच्या वेळी मी लष्करात परिचारिका होते, हुद्दा लेफ्टनंट. हॉस्पिटल तंबूत होतं. रोज सकाळी ड्रेसिंगच्या आधी हजेरी होई. मी नाव घ्यायची, जवान "हाजिर" म्हणायचा. ज्याला बोलता येत नसे, त्याच्या वतीने शेजारची खाट उत्तर द्यायची. हा पायंडा वॉर्डाने स्वतःच पाडला होता.

आपल्या चिचगडचा शिपाई देवराम पोटात तोफगोळ्याचा तुकडा, स्प्लिंटर, घेऊन आला. त्याचं उत्तर शेजारचा हवालदार देई. एका सकाळी मी नाव घेतलं.

"हाजिर है, सिस्टर."

मी जवळ गेले. नाडी नव्हती.

"हवालदार, ये नहीं रहे."

"मालूम है. आप आगे चलिए."

मी पुढचं नाव घेतलं.

दालनाच्या डिझायनरने या खोलीत स्फोटाचा आवाज आणि एक किंकाळी घातली होती. "मॅडम, पब्लिकला फील यायला पाहिजे ना." माझी अट एकच होती: देवरामचं नाव त्याच्या पत्नीने, सुमनबाईंनी, होकार दिला तरच राहील.

चाचणीच्या दिवशी त्या चिचगडहून बसने आल्या. किंकाळी ऐकताच उठल्या.

"बाई, हे असे कायले ओरडून राहिले?"

"ते ओरडले नव्हते. शांत होते."

"मंग? सुई टोचली तरी हसत, अन् हे ओरडतीन! असं असन तं नाव नका घेऊ त्यायचं."

मी आवाज बंद करायला लावला. त्यांना खाटेवर बसवून हवालदाराचं उत्तर सांगितलं. मग मी जुन्या सवयीने ताठ उभी राहिले.

"शिपाई देवराम."

सुमनबाईंनी पदर सारखा केला. शेजारच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"आहेत जी."

डिझायनरने स्फोटाचे स्पीकर स्वतःच उतरवले.

आता खोलीत दोन खाटा आहेत. एक रिकामी, दुसरीवर पाहुण्याने बसायचं. माझ्या आवाजात नाव येतं, उत्तर पाहुण्याने द्यायचं. तो तंबू आता नाही. हवालदार पुढे कुठे गेला, मला कळलं नाही. देवरामचं नाव मात्र आहे, सुमनबाईंच्या होकाराने.