अंगठा बापाचा, पोट लेकीचं

टेबलावर झोपलेल्या बाईच्या पोटावरचा व्रण पाहिला आणि माझा हात तिथेच थांबला. बेंबीखालून सरळ गेलेला, शेवटी जरा वाकडा. ते वाकडे टाके माझेच होते. नवशिक्या हाताचे टाके लपत नाहीत.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दवाखान्यात बायकांचं आउटडोअर, म्हणजे बाह्यरुग्ण विभाग, पाहत असे. साठ सालानंतरची गोष्ट. केसपेपरवर लिहिलं होतं: सुभद्रा, वय बावीस, दोन वर्षांपासून पाळी बंद, मूल हवं.

"मले ओयखलं नाई का जी?" ती हसत म्हणाली. "अकोल्याले तुमीच तं वाचवलं होतं. तुमी इकडे आल्या समजलं, म्हून नांदगावाहून आली."

ओळखलं होतं, चांगलंच ओळखलं होतं.

अकोल्याला मी हाउस सर्जन होते, म्हणजे वॉर्डातच राहणारी शिकाऊ डॉक्टर. सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दोन दिवस घरीच अडली, मग बैलगाडीतून आणली. तोवर मूल गेलं होतं आणि पिशवी, म्हणजे गर्भाशय, फाटली होती. पिशवी काढली नसती तर तीही गेली असती. ऑपरेशन आमच्या मोठ्या सरांनी केलं, टाके मी घातले. ती शुद्धीवर नव्हती, म्हणून कन्सेंटवर, म्हणजे ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर, तिच्या वडिलांचा अंगठा घेतला. इथवर आमचं काही चुकलं नाही.

चुकलं ते नंतर. ती सावरल्यावर वडील हात जोडून म्हणाले, "तिले सांगू नका बाई. पोरगी सासरी बोलून जाईन. जावयानं आनून सोडली तं मी काय करू?" तेव्हा रीतच तशी होती. घरच्या माणसाला सांगितलं की डॉक्टर मोकळा. सरांनी मान डोलावली, मीही डोलावली. घरी जाताना सुभद्रानं विचारलं, पाळी कधी येईल? मी म्हणाले, "रक्त फार गेलंय. शक्ती आली की येईल."

अगदी गोड आवाजात म्हणाले होते. आजही आठवलं की लाज वाटते.

आणि आता ती मला शक्तीचा हिशेब देत होती. सोळा सोमवार झाले. वैदूचा कडू काढा झाला, त्यानं आठ दिवस ओकाऱ्या झाल्या. मेथीचे लाडू झाले. "तरी येत नाई जी. अजून किती शक्ती लागते?"

"वडील कसे आहेत?" मी विचारलं. ते सांगतील, तेवढाच एक आधार होता.

"मांगच्या साली वारले."

म्हणजे आता तिच्या पोटात काय नाही हे तिला सांगू शकणारी इथे मी एकटी उरले होते. मी उठून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं.

"नवरा आलाय?"

"बाहेर बसलाय."

"मग त्याला सांगा. नाहीतर टॉनिक लिहा आणि पाठवा. अकोल्याची घाण आपण कशाला उपसायची?"

"घाण माझीच आहे, साहेब."

मी परत आले, स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं. पिशवी काढली. पाळी येणार नाही. मूल होणार नाही.

ती रडली नाही. तिनं पोटावर हात ठेवला, जसं काही तिथे कोणी दुसऱ्याचं पोट आणून लावलंय.

"बाबाले ठाव होतं?"

"हो."

"तुमालेई?"

"हो."

"पोट मायं होतं न? मंग मलेच कावून नाई सांगतलं?"

"तुला धक्का बसेल म्हणून..."

"आता नाई बसला का?"

मग ती खाली बघत म्हणाली, "गेल्या साली माई जाऊ तिची धाकटी पोर माया ओटीत घालून राहिली होती. तीन पोरी हायेत तिले. मी म्हटलं, नको, मायं होतेच हाय, डॉक्टरीनबाईनं सांगतलं हाय. तं तिनं ते आपल्या बहिनीले देल्ली. तुमी बोलल्या असत्या तं आज ते पोरगी माया घरी असती."

दोन वर्षं मी मनाशी म्हणत होते की खोटं बोलले, पण कोणाचं नुकसान तर केलं नाही.

नवऱ्याला तिनंच आत बोलावलं आणि तिनंच सांगितलं. त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं विचारलं, "आता दुखते का व तुले?" ती नाही म्हणाली. दोघं निघून गेली. ज्या जावयाच्या भीतीनं आम्ही सगळे गप्प बसलो, त्या जावयाला आमच्यापैकी कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी ऑपरेशनचा कागद आधी बाईला वाचून दाखवते, मग तिचा अंगठा, मग घरच्यांचा. बाई बेशुद्ध असेल तर शुद्धीवर आल्यावर पहिलं काम तेच. त्यात वेळ जातो म्हणून वरिष्ठांनी दोनदा झापलं. झापू देत. रोग्याला धक्का सोसणार नाही असं आम्ही डॉक्टर म्हणतो. बहुतेक वेळा समोर बसून सांगणं आम्हालाच सोसत नाही.