बोटवाल्यांचा स्वतःचा जोडा

कारखान्यात त्यांना सगळे बोटवाले म्हणत. तयार बूट खोक्यात जायच्या आधी त्यांच्या टेबलावर येई, आणि ते आत हात घालून तळ बोटांनी चाचपत. टाचेच्या खिळ्याचं टोक केसभर जरी वर आलेलं असलं तरी बोट तिथे थांबायचं आणि बूट परत जायचा. एकवीस वर्षं हेच काम, तेही एका स्टुलावर बसून. आपल्या हातून गेलेला बूट कुणाला टोचला नाही याचा त्यांना गर्व होता, आणि तो खोटा नव्हता.

गेल्या वर्षी साखरेच्या आजाराने त्यांच्या थोरल्या भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चांगला धडधाकट माणूस, आता दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत बसतो. बोटवाल्यांनाही तोच आजार. त्यांनी धसकाच घेतला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी बजावल्या: दिवसभरात जमेल तेवढं चालायचं, आणि पायांची जाणीव कमी झाली आहे म्हणून रोज दोन्ही तळवे नीट बघायचे. पहिली गोष्ट त्यांनी मनावर घेतली. दुसरी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली.

"तळवे काय रोज बघायचे? काही झालं तर दुखेलच की," ते बायकोला म्हणाले. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या तळव्यांची काळजी वाहिली, त्या माणसाचं हे बोलणं! डोकं धरून बसावं, दुसरं काय.

पण चालायला लागले ते मात्र झपाटल्यासारखे. बसमधून दोन थांबे आधीच उतरायचे. शेजारचा नळ सोडून पाणी प्यायला गोदामापलीकडे जायचे. बूट कुणी आणून द्यायची वाट न बघता शिलाईच्या हॉलमधून स्वतः उचलून आणायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा भराभर संपवायचा की आवाराला फेऱ्या सुरू.

"बोटवाले, काय हरवलंय हो?" खिळे ठोकणारा कारागीर ओरडायचा.

"हरवू नये म्हणूनच फिरतोय," ते म्हणायचे आणि पुढची फेरी धरायचे.

तीन महिन्यांत पोट उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. साखरही खाली आली. भावाकडे ते चालतच जायचे. भाऊ म्हणायचा, "चाल बाबा. माझ्या वाटचंही चाल."

पायात कारखान्यातलाच जोडा होता, रंग नीट न बसल्यामुळे स्वस्तात मिळालेला. नवा होता तेव्हा तोही त्यांनी चाचपला होता. पण एवढ्या चालण्याने टाच झिजत गेली आणि आतला खिळा हळूहळू वर सरकला.

एका संध्याकाळी बायकोने धुवायला मोजे घेतले. डाव्या मोज्याची टाच काळपट, कडक झाली होती. वास येत होता.

"अहो, पाय दाखवा बघू."

"काय झालंय पायाला?" म्हणत त्यांनी हसतच पाय पुढे केला. टाचेत बोटाचं टोक जाईल एवढी जखम होती. बायकोने तोंडावर हात धरला. त्यांना अजूनही काही दुखत नव्हतं.

इस्पितळात पंधरा दिवस मलमपट्टी झाली, पण जखम भरेना, वर वर चढत राहिली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखाली कापावा लागेल.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोकडून जोडा मागवून घेतला.

"आता बूट कशाला हवेत तुम्हाला?" तिला रडू आवरेना.

"दे गं."

त्यांनी डाव्या बुटात हात घातला. बोटं तळावरून सरकत टाचेपाशी आली आणि थांबली. बराच वेळ त्यांनी हात बाहेर काढला नाही.

"हा मी परत पाठवला असता," ते म्हणाले.

मग सवयीने उजव्यातही हात घालून बघितला. तो ठीक होता.

"हा ठेव," ते बायकोला म्हणाले.