बर्फबाईंनी न फेकलेली पट्टी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बर्फबाई म्हणत, कारण हातात बर्फाची बादली नसलेल्या बाई सव्वीस वर्षांत कुणी पाहिल्याच नव्हत्या. नळीत काय आहे ते नंतर, आधी ती बर्फात आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. स्वभाव मात्र बर्फाच्या अगदी उलट. कुणी वापरलेली काच न धुता ठेवली की बाईंचा पारा असा चढायचा, की डॉक्टरेट मिळवलेले लोकसुद्धा मुकाट्याने ब्रश उचलायचे. स्वतः बाईंकडे तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा दाखला होता आणि कुणाची भीडभाड न ठेवणारी जीभ होती. एवढ्या भांडवलावर त्यांनी चार साहेब बदललेले पाहिले.

तिथलं काम म्हणजे कापाकापीचं, फक्त कात्री डोळ्यांना दिसत नाही. मेंदूच्या पेशीच्या पडद्यात एक लांबलचक प्रथिन रोवलेलं असतं. एक एन्झाइम त्याला पडद्याबाहेर कापतं, मग दुसरं ऐन पडद्याच्या आत कापतं. दोन कापांच्या मधला जो तुकडा सुटतो तो महाचिकट. त्याच्या गाठी होतात, आणि अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत त्या साचलेल्या सापडतात. आताचे सर त्या दुसऱ्या एन्झाइमच्या हात धुऊन मागे लागले होते.

ही सगळी कथा बाई रोज संध्याकाळी ताईला सांगत. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. भावजी आणि ती बाईंच्याच खालच्या मजल्यावर राहायचे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या ताईला आता सकाळचं संध्याकाळी आठवत नसे. रोज ती विचारायची, "आज काय केलंस गं?" आणि बाई रोज पहिल्यापासून सुरू करायच्या. ताई मन लावून ऐकायची. मधेच म्हणायची, "दोन काप म्हणजे तुकडे तीन." ते बरोबरच असायचं.

एका मंगळवारी ताईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं म्हणून बाईंनी रजा घेतली. सरांना दम निघेना. नव्या औषधात वाढवलेल्या पेशी तयार होत्या, तेव्हा त्यांनी नमुने स्वतःच केले, जेलच्या पातळ थरात भरले आणि वीज लावली. जेलमधून प्रथिनं आपापल्या आकाराप्रमाणे खाली सरकतात, आणि मग खास कागदावर उतरवून घेतली की हव्या त्या प्रथिनाची काळी रेघ दिसते. बिनऔषधाचे नमुने बाईंनी सोमवारीच करून ठेवले होते. त्यांच्यात एन्झाइमची रेघ ठसठशीत आली. औषधाच्या नमुन्यांत रेघेचा पत्ताच नव्हता. औषधाने एन्झाइमच नाहीसं केलं होतं!

बुधवारी सरांनी सगळ्यांना चहा पाजला, हीच मुळात बातमी होती. बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "शुक्रवारी अकराला औषध कंपनीची माणसं येतायत. माणसांवर चाचणी सुरू झाली की तुमच्या ताईंचं नाव पहिलं. शब्द देतो."

बाईंनी हे घरी जाऊन लगेच सांगून टाकलं. तिथेच चुकलं. दोन महिने दाढीकडे न बघितलेल्या भावजींनी दुसऱ्या दिवशी सकाळीच गुळगुळीत दाढी केली आणि ताईचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फायलीत लावले.

गुरुवारी सरांनी नोंदीसाठी तेच नमुने परत चालवायला सांगितले. बाईंनी नळ्या काढल्या आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. औषधाच्या प्रत्येक नळीच्या झाकणाला सुईने पाडलेलं भोक होतं. असं भोक नळ्या उकळायच्या असल्या की पाडतात, नाहीतर वाफेने झाकणं उडतात. बाकीच्या प्रथिनांना उकळणं मानवतं. या एन्झाइमला नाही. उकळलं की ते स्वतःच्याच गुठळ्या करून घेतं आणि जेलमध्ये शिरतच नाही, दारातच ठाण मांडून बसतं. बाई याचे नमुने दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायच्या, बस्स. आणि इतक्या वर्षांत हे त्यांनी प्रयोगशाळेच्या वहीत लिहिलेलं नव्हतं. खोटं कशाला बोला, आपल्याशिवाय हे कुणाला जमत नाही याचं त्यांना मनातून फार बरं वाटायचं.

गप्प राहिलं असतं तर सर खूश, भावजी खूश, ताईचं नाव पहिलं. आणि ताईच्या पोटात रोज काय जाणार होतं? कुणीही न तपासलेलं एक औषध. बाईंना राग आला. आधी स्वतःचाच आला, मग सगळ्यांचा.

जेल चालवून झालं की त्याची वरची बोटभर पट्टी, ज्या खोबणींत नमुने ओततात ती, कापून कचऱ्यात टाकायची, ही साऱ्या जगाची रीत. बाईंनी ती कापली नाही. अख्खं जेल पट्टीसकट कागदावर उतरवलं. शुक्रवारी सकाळी कागद समोर आला तेव्हा औषधाच्या नमुन्यांत रेघ नव्हती ती नव्हतीच, पण वर, खोबणींच्या तोंडाशी, काजळ फासल्यासारखा काळा डाग होता.

"ही पट्टी का ठेवलीत?" सर म्हणाले. "तो कचरा असतो."

"तुमचं नाहीसं झालेलं एन्झाइम त्या कचऱ्यात बसलंय, सर. तुम्ही नमुने उकळलेत."

"सगळेच उकळतात."

"याला नाही उकळत. मी कोमट पाण्यात ठेवते. वहीत लिहिलं नाही ही चूक माझी. न विचारता उकळलं ही तुमची."

सरांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "बाई, तुमचं काम जेल ओतायचं, निष्कर्ष काढायचं नाही. पाहुणे यायला दोन तास आहेत. नोंदीवर इथे सही करा."

"नाही करणार."

"अहो, निदान ताईंचा तरी विचार करा!"

हे बोलायला नको होतं. बाईंनी बादली टेबलावर अशी आपटली की बर्फाचे खडे सरांच्या कागदांवर उडाले.

"तिचाच करतेय! तिचं नाव पुढे करून हे खपवायचं नाही. औषधातल्या पेशी अजून शिल्लक आहेत. दोन्ही नमुने मी नव्याने करते, तुम्ही शेजारी उभे राहून बघा. रेघ नाही आली तर सहीही देते आणि राजीनामाही. आली, तर कंपनीला तुम्ही सांगायचं, मी नाही."

सरांनी कागद उचलून तो काळा डाग उजेडात धरून पाहिला. माणूस उतावळा होता, पण लबाड नव्हता. त्यांनी फोन करून पाहुण्यांना सोमवारी यायला सांगितलं, आणि मग खरंच कोट चढवून बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले.

शनिवारी दुपारी रेघ आली. औषध असलेल्यात आणि नसलेल्यात, दोन्हीकडे सारखीच ठसठशीत. औषधाने एन्झाइमच्या केसालाही धक्का लावला नव्हता. सरांनी वही पुढे सरकवली आणि एवढंच म्हणाले, "ते कोमट पाण्याचं तुमच्या हाताने लिहा." बाईंनी लिहिलं, खाली मोठ्या अक्षरांत 'उकळू नये' लिहिलं, आणि मग सही केली.

घरी भावजींनी ऐकलं आणि फाईल मिटली. "तुला काय गरज होती? कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

"माझ्या आलं होतं, भावजी."

ते उठून आत गेले. ताई खिडकीपाशी बसली होती.

"आज काय केलंस गं?"

बाईंनी पहिल्यापासून सांगितलं. दोन काप, झाकणांची भोकं, न फेकलेली पट्टी, परत आलेली रेघ.

"म्हणजे उत्तर चुकलं होतं," ताई म्हणाली.

"हो."

"आणि सगळ्यांना तेच हवं होतं."

"हो."

"मग खोडलंस ते बरं केलंस. औषध कुणासाठी होतं?"

"तुझ्यासाठी, ताई."

ताई पाठ ताठ करून बसली, जशी ती वर्गात बसायची. "माझ्यासाठी? मग तर विचारायलाच नको. चुकीचं उत्तर मी कधी कुणाकडून घेतलेलं नाही."

थोड्या वेळाने तिने परत विचारलं, "आज काय केलंस गं?" बाईंनी परत पहिल्यापासून सांगितलं, आणि शेवटी ताईने परत तेच उत्तर दिलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. या वेळी भावजी दारात उभे राहून ऐकत होते.