तंगुसाखालचं मीठ

खाऱ्या पाण्यातून आणलेलं गळाचं रीळ घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवायचं असतं. आधी चहा नाही, मासे साफ करणं नाही, आधी रीळ. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत पाणी सकाळीच येऊन जातं, त्यामुळे रविवारी आम्ही एक बादली रिळासाठी वेगळी भरून ठेवायचो आणि पाहुणा आला तरी तिला हात लावू द्यायचो नाही. धुतलेलं रीळ पॅसेजच्या कठड्यावर वाळायचं. समोरच्या गुजराती मावशींनी एकदा विचारलं, शिलाई मशीनचा पार्ट आहे का? कट्टर शाकाहारी बाई, उगाच कशाला दुखवा, म्हणून मी हो म्हटलं. तेव्हापासून त्यांचं मशीन बिघडलं की त्या मला बोलावतात.

बाबा मूळचे मालवणचे. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते, मग निवृत्त झाले, मग आई गेली. त्यानंतर बाबांनी बोलणंच सोडलं. जेवलात का? हो. बरं वाटतंय का? हो. घराला आग लागलीय का विचारलं असतं तरी हो म्हणाले असते. मी तापट बाई, डोकं फिरायचं माझं. पण रविवारी भरतीची वेळ बघून त्यांना गोराईच्या जेट्टीवर नेलं, की तिथे मात्र तोंड उघडायचं. कोळंबी बारीक लाव, गळ लांब टाक, शिंगाळ्याच्या काट्याला हात लावू नकोस. तेवढ्यापुरते ते मला माझे बाबा वाटायचे. रीळ बिघडलं तर हेही बंद होणार, याची मला खरंच भीती वाटायची. नवीन रीळ आणून बघितलं होतं. छान आहे म्हणाले आणि कपाटावर ठेवून दिलं.

म्हणून मी जुन्याला जपायला लागले. आधी सकाळी पाणी असताना बाथरूमच्या जेट स्प्रेने जोरात धुतलं. मग घरातला सगळ्या दुखण्यांवरचा उपाय, खोबरेल, तेही पाजलं. थंडीत ते आत गोठलं आणि हँडल फिरेना. दुरुस्तीवाल्याकडे गेले तर त्याने कपाळाला हात लावला. जोराच्या फवाऱ्याने मीठ आणखी आत जातं, म्हणाला. त्याने तेल साफ केलं, मग स्पूलच्या कडेला आलेला पांढरा भुगा नखाने काढून दाखवला. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, आणि ती जिच्यावर गुंडाळतात ती चकरी म्हणजे स्पूल. तंगुसाखाली खारं पाणी साचून ॲल्युमिनियम खात होतं. उपाय साधा. सगळा तंगूस काढायचा, स्पूल कोमट पाण्यात भिजवायची, ब्रशने घासून कोरडी करायची, पातळ तेलाचं बोट फिरवायचं आणि नवा तंगूस घट्ट भरायचा.

घरी येऊन कात्री घेतली तर बाबांनी रीळ माझ्या हातातून काढून घेतलं. राहू दे म्हणाले. मी चिडले. जन्मभर फिटर होतात, धातू सडतोय हे दिसत नाही का तुम्हाला, असं बरंच काही बोलले. ते शांतपणे म्हणाले, "तो तंगूस तुझ्या आवशीन धरलेलो."

तंगूस भरायला दोन माणसं लागतात. एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने तंगुसाचा गुंडा पेन्सिलीत ओवून, ओल्या फडक्यातून दोरी चिमटीत धरायची. आमच्याकडे ते काम आईचं. हा शेवटचा तंगूस तिने आजारी पडायच्या थोडं आधी धरला होता. मी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. 

मग व्हायचं ते झालं. एका रविवारी चांगली मोठी तांब मासळी गळाला लागली आणि स्पूलच्या खरबरीत झालेल्या कडेवर घासून तंगूस तुटला. बाबांनी रीळ पिशवीत घातलं. पुढच्या रविवारी मी पिशवी भरली, तर ते म्हणाले, तू जा. मी कुठे जाणार एकटी? मी कोळंबी परत फ्रीजरमध्ये टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्याच संध्याकाळी बाबा रीळ घेऊन खाटेवर बसले आणि हाताने तंगूस सोडवायला लागले. कात्री लावू दिली नाही. सगळा उलगडून त्यांनी पिशवीत ठेवला. खाली मिठाचा थर होता. मी स्पूल भिजवली, जुन्या टूथब्रशने घासली, त्यांनी पॉलिश पेपरने कड गुळगुळीत केली, तेल लावलं. मग नव्या तंगुसाचा गुंडा पेन्सिलीत ओवून माझ्यापुढे केला.

"घट धर," ते म्हणाले. "तुझी आवस ढिलो धरायची. डोळे टीव्हीत. म्हणान तर पाणी आत शिरला."

ती गेल्यापासून तिच्यावर ते आपणहून एवढं पहिल्यांदाच बोलत होते, आणि काय, तर तक्रार. मग थांबलेच नाहीत. जेट्टीवर फोन करून पापलेट आणा म्हणायची, मी काय बाजारात बसलेलो? छत्री नेली की हरवून यायची. सोलकढीत मिरची एवढी घालायची की घसा जळायचा, आणि वर विचारायची, बरी झालीय ना? हे सांगताना बाबा हसले. फडक्यातून माझं बोट भाजत होतं, पण मी चिमूट सोडली नाही.

स्पूल भरली. तंगूस इतका घट्ट बसला होता की नख शिरत नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "सैल बसलाय. काढून परत भरूया."