निर्गुडीचं तेल आणि शेवंताबाईंचे गुडघे

आमच्या बोरगाव मेघेच्या आयुर्वेद डिपार्टमेंटमध्ये संशोधन सावकाश चालतं, किस्से मात्र भराभर साठतात. रिपोर्टमध्ये त्यांना जागा नाही, म्हणून ते चहाच्या वेळी निघतात. निर्गुडीच्या तेलाने गुडघ्यांचं दुखणं आणि सूज उतरते का, हे आम्ही तपासत होतो, तेव्हाचे हे. माझं काम टेप लावून गुडघे मोजायचं.

*

काही बाटल्यांत निर्गुडीचं तेल, काहींत नुसतं तिळाचं; वर फक्त कोड नंबर. कोणती कोणाला गेली हे पेशंटलाही माहीत नाही आणि आम्हालाही नाही. निर्गुडीचा वास लपेना, म्हणून सरांनी दोन्हींत गुलाबाचं सेंट टाकायला लावलं. सगळ्या ओपीडीला लग्नघराचा वास! आमचा शिपाई दारातून ओरडायचा, "वऱ्हाडी आले सर, नवरदेव कुठी हाय?"

*

रोहण्याच्या शेवंताबाई आणि त्यांचे मालक नामदेवराव नेहमी जोडीने यायचे. आमच्या नव्या डॉक्टरीणबाई पुण्याच्या. त्यांनी नीट समजावलं, "आजी, काही जणांच्या तेलात औषध नसतं. त्यांना कंट्रोल म्हणतात. तुम्हीसुद्धा कंट्रोलमध्ये असू शकता."

आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, हे पुण्याला कसं ठाऊक असणार? पुढच्या खेपेला शेवंताबाई पिशवी घेऊन हजर.

"गहू देऊन राह्यले का तांदूळ?"

*

"शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गिरडची टेकडी चढवत नाई, एवढं." नातवासाठी टेकडीवरच्या दर्ग्याला बोललेला नवस फेडायचा राहिला होता, आणि तो पायी चढूनच फेडायचा हा त्यांचा हट्ट.

टेकडी काही आकड्यात बसेना. शेवटी नामदेवराव म्हणाले, "आठ लिवा. ही दुखणं कमीच सांगते."

*

नियम कडक होते. घरी पाला बांधायचा नाही, शेकायचं नाही, दुसरं काही लावायचं नाही. नामदेवरावांच्या बांधावरच निर्गुडी, तीही बंद. ते जरा विचारात पडले.

"तेल तं मीच चोळतो हिले, रोज. हाताले मनाई नाई न?"

सर हसून म्हणाले, "नाही, हात चालेल."

*

सूज उतरत गेली. एक दिवस दोघं गिरडहून थेट आमच्याकडे आले, रेवड्या घेऊन. शेवंताबाई टेकडी चढून आल्या होत्या. सर भलतेच खूश. "निर्गुडी जिंकली!" म्हणाले. आम्ही सगळ्यांनी रेवड्या खाल्ल्या.

*

पोळ्याच्या आधी नामदेवराव वारले.

शेवटच्या तपासणीला शेवंताबाई ऑटोवाल्याचा हात धरून एकट्याच आल्या. गुडघे पुन्हा सुजले होते. टेप लावताना काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता तेल कोण लावून देतं?"

"मीच लावतो," त्या म्हणाल्या.

*

मग बाटल्यांचे कोड उघडले. शेवंताबाई कंट्रोलमध्ये निघाल्या. ज्यांना औषध मिळालं नव्हतं त्यांना ते नंतर द्यायचं, हे आधीच ठरलेलं होतं. सरांनी त्यांना बोलावून अस्सल निर्गुडीची बाटली दिली, आणि पहिलीत नुसतं तिळाचं तेल होतं, हेही सांगितलं.

महिनाभराने त्या ती बाटली परत घेऊन आल्या आणि सरांच्या टेबलावर ठेवली.

"तुमच्या बाटल्या बदलल्या, साहेब. औषध पयल्या बाटलीत होतं."