वरचे दात आज, खालचे उद्या

गिरगावात मला गप्प बसवणारी एकच व्यक्ती जन्मली, आणि तिचं नावही मला ठाऊक नाही. दात साफ करायला गेलो, तर त्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात इतकी हत्यारं घातली की तेवढ्यात अख्खी चाळ पाडून नवी बांधता आली असती. प्रत्येक दात चकाकला की त्या त्यालाच "शाब्बास" म्हणायच्या.

"काका, लेक लहान, म्हणून मी इथे हाफ-डेच करते," त्या सांगत होत्या. "कॅनडात स्थायिक व्हायला अर्ज करायचाय, पण हाफ-डेचा अनुभव धरतात की नाही, तिथेच घोडं अडलंय."

मी फक्त "आँ" म्हणालो.

तेवढ्यात टेबलावर चालूच असलेल्या फोनच्या स्पीकरवर त्यांचा तिकडचा भाऊ ओरडला, "ताई, धरतात गं. तुझी चार वर्षं हाफ-डे म्हणजे दोन वर्षं फुलटाइम. तू पात्र आहेस."

बाई अशा हसल्या की चर्नी रोडची कबुतरं दादरला जाऊन बसली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता, हाफ-डे संपला. हत्यारं ट्रेमध्ये गेली.

"अहो डॉक्टर, खालचे दात राहिले की," मी म्हणालो.

"उद्या या, काका. अर्धं अर्धं मिळून पूर्ण धरतात."

मी नुसत्या वरच्या दातांनी हसत घरी निघालो, तरी ठाकूरद्वारपर्यंत उजेड पडला.